‘नष्ट करणे’ला इंग्रजीत काय म्हणावे? नाशवाचक क्रियापदे निवडण्याची रीत

काही वर्षांपूर्वी कसबा पेठेतील एका जुन्या वाड्याविषयीचे टिपण मी मराठीतून इंग्रजीत करून देत होतो. मूळ मजकुरात ‘वाडा उतरवण्यात आला’ असे साधे वाक्य होते आणि मी सवयीने त्यासाठी ‘डिमॉलिश’ हे क्रियापद वापरून पुढे गेलो. टिपण वाचून वाड्याच्या वयोवृद्ध मालकांनी मला फोनवर शांतपणे विचारले, “अहो, वाडा डिमॉलिश केला असेल, तर पुढच्या परिच्छेदात सागवानी खांब, तुळया आणि महिरपी आमच्या शेतावरच्या घराला लावल्या असे लिहिले आहे, त्या कुठून आल्या?” त्यांचे म्हणणे रास्त होते. वाडा पाडला नव्हता, उतरवला होता. कौले, वासे, तुळया, खांब असा एकेक भाग सुटा करून, जपून खाली घेतला होता. त्याला इंग्रजीत ‘डिसमँटल’ म्हणतात.

या चुकीचे मूळ इंग्रजीत नव्हते. मूळ मराठी शब्द अगदी नेमका होता. मी मनातल्या मनात त्याचे आधी ‘नष्ट करणे’ असे सपाटीकरण केले आणि मग त्या सपाट शब्दाला इंग्रजी जोड शोधली. स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी सदाशिव पेठेत आणि नारायण पेठेत राहणारी मुले जी शब्दसंग्रहाची गाईडे वापरतात, त्यांत हेच घडते. डिस्ट्रॉय, डिमॉलिश, इरॅडिकेट, एलिमिनेट, अनायलेट, अबॉलिश या सगळ्यांसमोर ‘नष्ट करणे, नाश करणे’ एवढेच छापलेले असते. ते पाठ करून परीक्षेत समानार्थी शब्दाचा एखादा गुण मिळेलही, पण त्याच्या आधारावर वाक्य लिहिता येणार नाही. या लेखातील रीत उलट दिशेने जाते. आधी मराठीतले नेमके क्रियापद मनात पक्के करायचे आणि त्यानंतरच इंग्रजीकडे वळायचे.

पहिली पायरी: ‘नष्ट’ हा शब्द बाजूला ठेवा

मराठीत नाशाच्या छटा मोजताना दमछाक होते. पाडणे, मोडणे, उतरवणे, मोडीत काढणे, भुईसपाट करणे, जमीनदोस्त करणे, उद्ध्वस्त करणे, बेचिराख करणे, नेस्तनाबूत करणे, फस्त करणे, समूळ उपटणे, नायनाट करणे, रद्द करणे, निकालात काढणे, वाट लावणे हे सगळे शब्द आपण बोलता-लिहिताना सहज वापरतो आणि त्यांची अदलाबदल सहसा करत नाही. टोळधाड पीक फस्त करते, भुईसपाट करत नाही. महापालिका अनधिकृत बांधकाम पाडते, नेस्तनाबूत करत नाही. तसे छापून आले, तर बातमीदाराला जरा चेव आला असावा असे आपण समजतो.

म्हणून भाषांतर करताना किंवा स्वतंत्र लिहिताना स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. नाश कशाचा झाला: वास्तूचा, पिकाचा, रोगाचा, कायद्याचा, की लौकिकाचा? तो कोणी केला: माणसाने ठरवून, निसर्गाने, की आपोआप झाला? आणि मागे काय उरले? तिसरा प्रश्न माझ्या मते सर्वांत उपयोगाचा आहे, कारण इंग्रजी क्रियापदांमधील फरक बहुतेक वेळा शिल्लक काय राहते यावर उभा असतो. अवशेष, सुटे भाग, बाहेरच्या भिंती, नुसते नाव किंवा काहीच नाही, अशी प्रत्येक शिल्लक वेगळे क्रियापद मागते.

वास्तूंची क्रियापदे

‘डिमॉलिश’ हे मुख्यतः बांधकामाचे क्रियापद आहे आणि त्यात बहुधा माणसाचा हेतू गृहीत असतो. पूल, इमारत, भिंत डिमॉलिश करतात; पीक किंवा जंगल डिमॉलिश करत नाहीत. वादात प्रतिपक्षाचा मुद्दा पार खोडून काढला, तर तो मुद्दा डिमॉलिश केला असे म्हणता येते, कारण मुद्दाही रचलेला असतो आणि रचलेले तेच पाडता येते. विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल २०२० मध्ये पाडण्यात आला, तेव्हाच्या इंग्रजी वाक्याला ‘डिमॉलिश’ शोभून दिसते. बोलण्याच्या जवळ जायचे असेल, तर ‘पुल डाउन’ किंवा ‘नॉक डाउन’ चालते. ‘टिअर डाउन’मध्ये मात्र थोडी घाई आणि थोडा राग डोकावतो, पुतळा, फलक किंवा भित्तिपत्रक यांच्या संदर्भात ते जास्त येते.

चांदणी चौकातील जुना पूल या बाबतीत चांगला धडा देतो. २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर सुमारे ६०० किलो स्फोटके वापरून तो उडवण्यात आला, परंतु स्फोटानंतर तो पूर्ण खाली आला नाही. काँक्रीट फुटले, पण सळयांचे जाळे राहिले आणि उरलेला भाग यंत्रांनी पाडावा लागला. या प्रसंगाचे इंग्रजी करताना एका क्रियापदावर भागत नाही. स्फोटासाठी ‘ब्लो अप’, यंत्रांच्या कामासाठी ‘पुल डाउन’ आणि संपूर्ण मोहिमेसाठी ‘डिमॉलिश’ असे तीन शब्द लागतात. ‘इम्प्लोड’ हे क्रियापद वास्तू आतल्या आत कोसळावी अशा बेताने केलेल्या स्फोटासाठी आहे. २८ ऑगस्ट २०२२ रोजी नोएडातील जुळे मनोरे पाडले गेले, तेव्हा ते अगदी योग्य होते. चांदणी चौकाला ते लावू नये.

‘रेझ’ म्हणजे भुईसपाट करणे. त्याचे मूळ खरवडणे या अर्थाच्या लॅटिन शब्दात असून दाढीच्या ‘रेझर’शी त्याचे नाते आहे. अडचण अशी की ‘उंचावणे, उभे करणे’ या अर्थाच्या ‘रेझ’ या क्रियापदाचा उच्चार हुबेहूब असाच आहे. स्पेलिंग वेगळे, अर्थ पूर्ण उलटा. त्यामुळे बोलताना ‘टु द ग्राउंड’ हे शब्द जोडण्याची प्रथा आहे, ती पाळावी, आणि लिहिताना झेड आहे की एस, हे दोनदा पाहावे. या क्रियापदाला रोजच्या वापरातले नामही नाही. नाम हवे असेल, तर ‘डिमॉलिशन’ किंवा ‘डिस्ट्रक्शन’कडे जावे लागते.

शनिवारवाड्याची गोष्ट पुण्यात कोणाला सांगायला नको. १८२८ च्या आगीत आतील लाकडी महाल जळाले, दगडी तट आणि दरवाजे राहिले. ‘शनिवारवाडा आगीत नष्ट झाला’ याचे इंग्रजी ‘डिस्ट्रॉइड बाय फायर’ असे केले, तर ते चूक नाही, पण पुस्तक मिटून कसबा गणपतीच्या बाजूने चालत आलेल्या पर्यटकाला समोर भक्कम दिल्ली दरवाजा दिसतो आणि तो बुचकळ्यात पडतो. इथे ‘गट’ हे क्रियापद कामी येते. मासा साफ करताना आतडी काढून टाकतात, त्यासाठी मुळात हाच शब्द आहे. बाहेरचे कवच तसेच, आत मात्र पोकळ, असे चित्र तो उभे करतो. ‘द फायर गटेड द पॅलेस’ एवढ्या चार-पाच शब्दांत तट उरल्याची सूचना आपोआप मिळते.

आता ‘बेचिराख’. राख हा शब्द ऐकू येतो म्हणून अनेक जण त्याचे इंग्रजी ‘रिड्यूस्ड टु अ‍ॅशेस’ असे करतात. वास्तविक हा शब्द फारसीतून आलेला असून त्याचा मूळ अर्थ ‘बिनदिव्याचे’, ज्या गावात चिराग लागत नाही असे, हा आहे. महसुली भाषेत बेचिराख गाव म्हणजे वस्ती उठून गेलेले, ओसाड गाव. आज मराठीत जळून खाक होणे हाच अर्थ रूढ झाला आहे आणि त्याबद्दल तक्रार करण्यात हशील नाही. पण जुन्या दप्तरातील मजकूर इंग्रजीत नेत असाल, तर ‘बर्न’ लिहिण्यापूर्वी थांबा, तिथे ‘डिझर्टेड’ किंवा ‘अनइनहॅबिटेड’ हवे असेल.

निसर्गाचा कोप आणि पंचनाम्याची भाषा

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासला धरणही फुटले आणि मुठेकाठचे पुणे पाण्याखाली गेले. या घटनेविषयी लिहिताना विद्यार्थी ‘द फ्लड डिमॉलिश्ड पुणे’ असे लिहितात. पुराला हेतू नसतो आणि पुणेही संपले नाही. संपूर्ण परिसरावर कोसळलेल्या आपत्तीसाठी ‘डेव्हस्टेट’ हे क्रियापद योग्य, कारण त्याचा आवाका प्रदेशाचा असतो: गाव, जिल्हा, किनारपट्टी. नदीकाठचे वाडे मात्र ‘डिस्ट्रॉय’ झाले, काही पूल ‘डॅमेज’ झाले. एकाच परिच्छेदात तिन्ही क्रियापदे आली, तर वाचकाला कुठे किती हानी झाली याचा नकाशा मिळतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपालाही ‘डेव्हस्टेट’ लागू पडते. शिवाय हे क्रियापद मनाच्या अवस्थेसाठीही येते. दुःखाने कोलमडलेला माणूस ‘डेव्हस्टेटेड’ असतो, ‘डिस्ट्रॉइड’ फार क्वचित.

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगराचा कडा आला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. तिथे ‘डॅमेज’ लिहिणे क्रूरपणाचे ठरेल आणि ‘डेव्हस्टेट’देखील अपुरे वाटते. ‘वाइप आउट’ हे क्रियापद अशा वेळी येते, पाटीवरचे अक्षर पुसावे तसे. कसे घडले ते सांगायचे असेल, तर ‘बरी’ म्हणजे गाडले जाणे हाच साधा आणि खरा शब्द.

पिकांच्या बाबतीत एक बारकावा शासकीय कामकाजात फार महत्त्वाचा आहे. ‘डॅमेज’ म्हणजे झालेली हानी, ‘लॉस’ म्हणजे त्या हानीमुळे गमावलेले उत्पन्न किंवा प्रमाण, आणि ‘डॅमेजेस’ हे अनेकवचन म्हणजे न्यायालयाने देवविलेली नुकसानभरपाई. आपत्ती निधीच्या निकषात ३३ टक्के किंवा त्याहून अधिक पीकहानी ही अट आहे. इंग्रजीत तिथे ‘क्रॉप लॉस’ येतो. पंचनाम्याच्या भाषांतरात ‘द फार्मर सफर्ड डॅमेजेस’ असे लिहिलेले मी पाहिले आहे. त्या शेतकऱ्याला कोर्टाने दंड ठोठावला की काय, असा त्यातून समज होऊ शकतो.

‘हॅव्हॉक’ हा शब्द वापरायचा असेल, तर त्याच्या आधीचे क्रियापद ‘रीक’ आहे, ‘रेक’ नाही. डब्ल्यू दोन्हींत मूक आहे, म्हणून गोंधळ होतो. ‘रेक’ म्हणजे गाडीचा, जहाजाचा, संसाराचा चुराडा; ‘रीक हॅव्हॉक’ म्हणजे हाहाकार माजवणे.

उन्मूलन की निर्मूलन: आरोग्याच्या क्षेत्रातील दोन क्रियापदे

सर्वाधिक गफलत जिथे होते, त्या ठिकाणी जरा थांबू. ‘इरॅडिकेट’ या शब्दाच्या पोटात ‘मूळ’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे आणि आधी ‘बाहेर’ या अर्थाचा उपसर्ग. ‘उन्मूलन’ हा संस्कृत शब्द नेमका तसाच बांधलेला आहे: उत् आणि मूल. दोन भाषांनी स्वतंत्रपणे एकच शेतकरी डोळ्यासमोर ठेवला, तण मुळासकट उपटणारा. ‘एलिमिनेट’च्या पोटात मात्र उंबरठा आहे. जे एलिमिनेट केले, ते घराबाहेर घातले. ते बाहेर कुठेतरी जिवंत असेल, पण आपल्या घरात नाही.

ही व्युत्पत्तीची गंमत म्हणून सोडून देण्याजोगी गोष्ट नाही, कारण साथरोगशास्त्रात हा फरक जवळजवळ याच स्वरूपात शास्त्रीय परिभाषा झाला आहे. एखाद्या ठरावीक प्रदेशात रोगाचे नवे रुग्ण शून्यावर आणले, तर ‘एलिमिनेशन’. पृथ्वीवर सर्वत्र कायमचे शून्यावर आणले, तर ‘इरॅडिकेशन’. देवीचा भारतातील शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला, जगातील नैसर्गिक संसर्गाचा शेवटचा रुग्ण १९७७ मध्ये सोमालियात, आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य सभेने रोग जगातून गेल्याचे जाहीर केले. म्हणजे देवीच्या बाबतीत भारताने १९७५ मध्ये उंबरठा मोकळा केला आणि जगाने त्यानंतर मूळ उपटले. माणसाच्या रोगांपैकी हा मान फक्त देवीला मिळाला आहे. गुरांच्या बुळकांडीला तो २०११ मध्ये मिळाला.

पोलिओचे उदाहरण याच कसोटीवर लावून पाहा. भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. वर्तमानपत्रे ‘इरॅडिकेटेड फ्रॉम इंडिया’ असे बिनधास्त लिहितात. सर्वसाधारण निबंधात मी ते खोडणार नाही, पण वैद्यकीय किंवा धोरणविषयक लेखनात ते चूक आहे. पोलिओचा विषाणू जगातून गेलेला नाही. कुष्ठरोगाची कथा आणखी गुंतागुंतीची आहे. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या इंग्रजी नावात १९८३ पासून ‘इरॅडिकेशन’ आहे, परंतु डिसेंबर २००५ मध्ये जे साध्य झाल्याचे जाहीर झाले, ते होते ‘सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून एलिमिनेशन’, म्हणजे दर दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण. तिथे शून्यही अभिप्रेत नव्हते. अशा मजकुराचे भाषांतर करताना दोन्ही ठिकाणी ‘निर्मूलन’ लिहून मोकळे होणे सोपे आहे, आणि मराठीत ते सर्रास होते. निदान लांबच्या मजकुरात ‘इरॅडिकेशन’साठी ‘उन्मूलन’ आणि ‘एलिमिनेशन’साठी ‘निर्मूलन’ असा भेद ठरवून तो शेवटपर्यंत पाळावा.

पुण्यात १९५२ पासून विषाणूंवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, तेव्हा या शहराला पुढचा बारकावा परका वाटू नये. रोग इरॅडिकेट होतो, पण प्रयोगशाळेतील विषाणूचा साठा ‘डिस्ट्रॉय’ करावा लागतो. देवीच्या विषाणूचे साठे आजही अमेरिकेत आणि रशियात एकेका प्रयोगशाळेत जपलेले आहेत. रोग गेला, साठा राहिला. एका वाक्यात दोन क्रियापदे आणि दोहोंची अदलाबदल अशक्य.

‘एलिमिनेट’ची बाकीची घरे थोडक्यात सांगतो. स्पर्धेतून बाद होणारा संघ ‘एलिमिनेट’ होतो, बीजगणितात चल राशी ‘एलिमिनेट’ करतात, आणि पर्याय एकेक वगळत उत्तराकडे जाण्याच्या पद्धतीचे नावही यावरूनच पडले आहे. पोलिसी आणि लष्करी बातम्यांत माणसांबाबत ते आले, की तो ठार मारण्याला घातलेला सभ्य अंगरखा असतो. ‘न्यूट्रलाइज’चेही तेच. मला स्वतःला असे अंगरखे आवडत नाहीत. मारले असेल, तर ‘किल’ लिहावे.

कायदा, प्रथा, परवाना

मराठीत ‘रद्द’ हा एक शब्द कचेरीचे अर्धे काम ओढतो. इंग्रजीत तो पाच-सहा जणांत वाटलेला आहे आणि वाटणी कोणी रद्द केले यावर होते. विधिमंडळाने किंवा संसदेने स्वतःचा कायदा मागे घेतला, तर ‘रिपील’. २०२१ मध्ये तीन कृषी कायदे असेच गेले. ज्या अधिकाऱ्याने परवाना दिला, त्यानेच तो काढून घेतला, तर ‘रिव्होक’. उच्च न्यायालयाने गुन्ह्याची नोंद किंवा एखादा आदेश रद्दबातल ठरवला, तर ‘क्वॉश’. विवाह मुळातच अवैध ठरला, तर ‘अनल’. गाडीचे आरक्षण, सभा, व्याख्यान यांना बिचारे ‘कॅन्सल’ पुरते. योजना मोडीत काढली, तर ‘स्क्रॅप’, आणि भंगारात घातलेल्या पीएमटीच्या जुन्या बसलाही तेच.

‘अबॉलिश’ हे क्रियापद मात्र दीर्घकाळ चालत आलेल्या संस्थेसाठी, प्रथेसाठी, करासाठी किंवा पदासाठी राखून ठेवलेले आहे. सतीची चाल १८२९ च्या नियमाने अशीच गेली. पुण्याच्या नाक्यांवरची जकात १ एप्रिल २०१३ पासून गेली, तिच्यासाठीही हाच शब्द. आणि कनिष्ठ ग्रामवतने संपवणाऱ्या १९५८ च्या कायद्याच्या इंग्रजी नावातही ‘अबॉलिशन’ आहे. याचे नाम ‘अबॉलिशन’. ‘अबॉलिशमेंट’ कोशात सापडते, पण लिहू नये.

भारताच्या संविधानातील सतराव्या अनुच्छेदात अस्पृश्यतेसाठी ‘अबॉलिश्ड’ हा शब्द आहे. त्याच वाक्यात पुढे तिचे कोणत्याही स्वरूपातील आचरण निषिद्ध असल्याचे म्हटले आहे. शब्दांच्या दृष्टीने हे वाक्य फार जाणतेपणाने रचलेले आहे. एखादी प्रथा अबॉलिश झाली म्हणजे कायद्याने तिची मान्यता काढून घेतली. लोकांचे आचरण त्याने आपोआप थांबत नाही, म्हणून दुसरा भाग हवा. याउलट, लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि प्रत्यक्ष करू न दिलेल्या १९३६ च्या भाषणाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जे शीर्षक दिले, त्यात ‘अनायलेशन’ आहे. कायदा अबॉलिश करू शकतो, अनायलेट करू शकत नाही. त्यासाठी जे ज्या श्रद्धेवर उभे आहे, ती श्रद्धाच शून्यवत व्हावी लागते, हा त्या भाषणाचा मुद्दा. एकाच विचारवंताच्या हाताखालून गेलेल्या दोन मजकुरांत दोन भिन्न क्रियापदे यावीत, यात योगायोग शोधू नये.

जड शब्द जपून वापरा

‘अनायलेट’च्या उच्चारात एच नाही, ‘अन्निहिलेट’ असे वर्गात ऐकू येते, ते सोडावे. त्याच्या पोटात ‘काहीच नाही’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. आपल्याकडे ‘नेस्तनाबूत’ हा फारसी मूळ असलेला शब्द त्याचा सख्खा भाऊ शोभतो, कारण त्याच्याही दोन्ही पायांत नास्ति आहे. पदार्थविज्ञानात मात्र इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन परस्परांना अनायलेट करतात, तेव्हा मागे गॅमा किरण उरतात, म्हणजे शून्य काही होत नाही.

‘ऑब्लिटरेट’मध्ये अक्षर पुसण्याची कल्पना आहे. मराठीत आपण ‘नामोनिशाण मिटवणे’ म्हणतो, ते याच्या जवळचे. ‘नामशेष’ मात्र याच्या अगदी उलट आहे, कारण तिथे नाव तेवढे शेष राहते. ‘नामशेष झाला’साठी ‘ऑब्लिटरेट’ लिहिणारा माणूस, मूळ शब्दाने जे एकमेव राखून ठेवले होते, तेच पुसून टाकतो.

‘डेसिमेट’ची गोष्ट रोमन सैन्याची. बंडखोर तुकडीतील दर दहांतील एकाला मारण्याची शिक्षा, आणि म्हणून त्यात दशमांश आहे. आज कोणी त्या हिशेबाने वापरत नाही. मोठा हिस्सा नाहीसा झाला, एवढाच अर्थ उरला आहे. भारतातील गिधाडांचा डायक्लोफिनॅकमुळे जो ऱ्हास झाला आणि ज्यामुळे २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, त्याला हे क्रियापद व्यवस्थित बसते. माझी सूचना दोनच गोष्टींची: त्याच्यासोबत नेमकी टक्केवारी देऊ नये आणि ‘कम्प्लीटली’ हे क्रियाविशेषण जोडू नये. थोडे तरी शिल्लक आहे, हे या शब्दात गृहीत असते.

‘एक्सटर्मिनेट’चा मूळ अर्थ सीमेबाहेर घालवणे. आपल्याकडे पोलीस अजून तडीपार करतात, त्याच्या जवळचा. इंग्रजीत हा शब्द पुढे ठार मारण्याकडे गेला आणि आता तो झुरळे, उंदीर, वाळवी यांच्यासाठी आहे. माणसांच्या समूहासाठी वापरला, तर तो वंशसंहाराचा शब्द होतो. विरोधी पक्षाचा निवडणुकीत धुव्वा उडाला, हे सांगायला तो चुकूनही काढू नये. तिथे ‘राउट’ किंवा ‘ट्राउन्स’ आहेत.

व्याकरणाची खरी अडचण

शब्द बरोबर निवडूनही मराठी माणूस इथे घसरतो. मराठीत ‘नष्ट करणे’ आणि ‘नष्ट होणे’ अशी जोडी आहे. ‘वाडा नष्ट झाला’ म्हणताना कर्ता सांगावा लागत नाही. इंग्रजीतील डिस्ट्रॉय, डिमॉलिश, इरॅडिकेट, अबॉलिश ही सगळी सकर्मक आहेत. म्हणून ‘द वाडा डिस्ट्रॉइड’ हे वाक्य अपुरे ठरते, वाड्याने कशाचा तरी नाश केला अशी वाट पाहायला लावते. ‘वॉज डिस्ट्रॉइड’ असेच हवे. दुसऱ्या टोकाला ‘कोलॅप्स’, ‘पेरिश’, ‘व्हॅनिश’, ‘क्रम्बल’, ‘डाय आउट’ ही अकर्मक क्रियापदे आहेत, आणि त्यांना आपण उत्साहाने ‘वॉज’ लावतो. पावसाळ्यात पेठांतील एखाद्या धोकादायक वाड्याची भिंत पडली, की ‘द वॉल वॉज कोलॅप्स्ड’ हे वाक्य कुठल्या ना कुठल्या अर्जात हमखास सापडते. भिंत नुसती ‘कोलॅप्स्ड’.

अवधी, साधन आणि प्रसंग यांचे शब्दयोगी भागही लक्षात ठेवावेत. आगीने, पुराने नाश केला, तर ‘बाय’. १९६१ च्या पुरात नाश झाला, तर ‘इन’. जिथून काढून टाकले ते सांगायचे, तर ‘एलिमिनेट’ आणि ‘इरॅडिकेट’ यांच्यापुढे ‘फ्रॉम’. प्रमाणदर्शक शब्दांतही शिस्त आहे. हानी ‘बॅडली’ किंवा ‘स्लाइटली’ असू शकते, पण ‘स्लाइटली डिस्ट्रॉइड’ हे वाक्य विनोद म्हणूनच चालते. ‘पार्टली डिस्ट्रॉइड’ चालते, कारण एक भाग पूर्ण गेलेला असतो.

‘टाकणे’ आणि ‘आउट’

मराठीत पुसणे आणि पुसून टाकणे यांत जो फरक आहे, तो इंग्रजी ‘वाइप’ आणि ‘वाइप आउट’ यांत आहे. आपले ‘टाकणे’ क्रियेला पूर्णत्व आणि थोडा निर्धार देते, तेच काम तिथे आउट, अप, डाउन, ऑफ हे छोटे शब्द करतात. म्हणून मराठी वाक्यात संयुक्त क्रियापद दिसले, तर इंग्रजीत असा जोड सापडतो का, ते आधी पाहावे. ‘रूट आउट’ म्हणजे शोधून उपटून टाकणे, भ्रष्टाचारासाठी. ‘स्टॅम्प आउट’ म्हणजे पायाखाली विझवून टाकणे, अफवेसाठी किंवा बंडासाठी. ‘फेज आउट’ म्हणजे टप्प्याटप्प्याने बंद करणे. ‘वीड आउट’ ही तर निंदणीच. आपल्या शासकीय कचेऱ्यांत जुन्या, निरुपयोगी कागदपत्रांच्या छाननीला ‘निंदणीकरण’ म्हणतात, तो शब्द ज्याने केला, त्याच्या हातात खुरपे असणार. छाननीनंतर कागद प्रत्यक्ष संपवणे मात्र ‘डिस्ट्रॉय’, आणि पट्ट्या करून संपवणे ‘श्रेड’. आग ‘पुट आउट’ करतात किंवा औपचारिक लेखनात ‘एक्स्टिंग्विश’. डिस्ट्रॉय कधीही नाही.

घरगुती नासाडीची क्रियापदे एवढी त्रास देत नाहीत. दूध, मूड आणि लाडावलेले मूल ‘स्पॉइल’ होते. सहल, कारकीर्द आणि पांढरा सदरा ‘रूइन’ होतो. गाडी आणि तब्येत ‘रेक’ होते. आपले ‘वाट लावणे’ परिस्थितीनुसार या तिघांपैकी कोणाकडेही जाते. मोबाइल पडून काच तडकली, तर तो ‘डॅमेज्ड’ किंवा नुसता ‘ब्रोकन’. हिंजवडीतल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत काम करणाऱ्यांना डेटाबेसमध्ये ‘डिलीट’ ओळी काढते, ‘ट्रंकेट’ तक्ता रिकामा करते आणि ‘ड्रॉप’ तक्ताच काढते, हे मी सांगायला नको. तिथेही प्रश्न मागे काय उरले हाच आहे.

एक वाक्य सोडवून पाहू

‘काळाच्या ओघात पेठांतील वाडे नामशेष झाले.’ हे वाक्य वर्गात मी हमखास देतो. ‘नष्ट’ या सपाट वाटेने गेलेले विद्यार्थी ‘द वाडाज वर डिस्ट्रॉइड’ लिहितात आणि मग कोणी, हा प्रश्न उभा राहतो. मूळ वाक्यात कर्ता नाही, म्हणून अकर्मक क्रियापद घ्यावे: ‘हॅव ऑल बट डिसअपिअर्ड’. यातले ‘ऑल बट’ काही थोडे उरल्याचे सांगते, आणि ते खरेही आहे. नाव उरले आहे हे दाखवायचे असेल, तर ‘सर्व्हाइव्ह ओन्ली इन नेम’ असे क्रियापदच पालटून टाकावे; वाड्याच्या जागी सहा मजली इमारत उभी असते आणि तिच्या पाटीवर जुन्या वाड्याचे आडनाव असते, त्या दृश्याला हे वाक्य तंतोतंत लागू पडते. तिसरा मार्ग असा की लेखकाला पुनर्विकासाकडे बोट दाखवायचे आहे, अशी खात्री असेल, तर ‘वर पुल्ड डाउन’ लिहावे. मात्र त्या वेळी ‘काळाच्या ओघात’ हे शब्द इंग्रजीत ठेवू नयेत, कारण काळ वाडे पाडत नाही, त्यासाठी महापालिकेची परवानगी लागते.